विकी खुला ठेवूनही स्पॅम कसा आवरावा

स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका सामुदायिक विकीवर बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे भरलेली पाने रोज ढिगाने येत आहेत, ती पुसण्यातच मोजक्या प्रचालकांचा (पाने पुसण्याचा आणि खाती रोखण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांचा) सारा वेळ जातो आहे आणि म्हणून नवीन सदस्यनोंदणी सध्या बंद ठेवली आहे. ती कायमची बंद ठेवावी का, प्रत्येक अर्ज तपासूनच सदस्य घ्यावा का, की विकी खुला ठेवूनही यातून मार्ग निघतो, असा तुमचा प्रश्न आहे. मार्ग निघतो. नोंदणी पुन्हा उघडावी; मात्र त्याआधी अडथळ्यांची जागा बदलावी. आज तुमचा अडथळा दारावर आहे आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला लागतो. तो तिथून काढून, स्पॅम करणाऱ्याला ज्या थोड्याशा कृती केल्यावाचून गत्यंतर नसते त्या कृतींवर ठेवला, तर चांगल्या सदस्याला तो क्वचितच जाणवतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिला विकी लोकांसाठी खुला केला. कोणीही यावे आणि लिहावे या त्या मूळ कल्पनेला पुढच्या विकीप्रणालींनी प्रत्येक बदलाच्या पूर्ण इतिहासाची जोड दिली. आजच्या विकीचे खरे संरक्षण या इतिहासात आहे: प्रत्येक बदल नोंदला जातो, सर्वांना दिसतो आणि क्षणात उलटवता येतो. पान बिघडवायला जितके श्रम लागतात त्यापेक्षा ते पूर्ववत करायला कमी लागतात, म्हणून हाताने केलेल्या उत्पाताला कंटाळून माणसे निघून जातात आणि विकी टिकतो. स्पॅमने हे गणित उलटे केले. एक आज्ञावली, म्हणजे आपोआप चालणारा संगणकी प्रोग्राम, रात्रभरात असंख्य खाती उघडते आणि पाने बनवते. ती पुसणारा मात्र हाडामांसाचा स्वयंसेवक असतो. त्यामुळे तुमच्यापुढचे काम स्पॅम शून्यावर आणण्याचे नाही. पुसण्याचे श्रम पुन्हा टाकण्याच्या श्रमांपेक्षा कमी व्हावेत, एवढेच साधायचे आहे. शून्याचा हट्ट धरणारे विकी हळूहळू आपलेच दार लावून घेतात, म्हणून हा फरक मी आग्रहाने सांगतो.

स्पॅम करणाऱ्याला तुमच्या वाचकांशी फारसे देणेघेणे नसते. त्याला शोधयंत्रांनी पाहावा असा दुवा हवा असतो. हे ओळखूनच जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ या खुणेला पाठिंबा जाहीर केला. ही खूण असलेल्या दुव्याला शोधक्रमवारीत वजन मिळू नये असा तिचा हेतू होता. विकिपीडियासह अनेक विकी ज्या प्रणालीवर चालतात त्या मीडियाविकीमध्ये बाहेरच्या दुव्यांना ही खूण मुळातच लागलेली असते आणि ती काढू नये. पण तिच्यावर विसंबूनही राहू नये. दुवे टाकणारी आज्ञावली ती खूण आहे की नाही हे पाहतच नाही, कारण आणखी एक पान बनवण्याचा तिचा खर्च जवळजवळ शून्य असतो. शिवाय २०१९ मध्ये गूगलने ही खूण यापुढे आदेश न मानता केवळ सूचक मानली जाईल असे जाहीर केले. यातून उपयोगाची गोष्ट एवढीच निघते की स्वयंचलित स्पॅमला तीन कृती टाळता येत नाहीत: खाते उघडणे, दुवा टाकणे आणि बहुधा नवे पान बनवणे. सदस्याचे स्वतःचे पान हेही नवे पानच असते, आणि तिथे कोणाची नजर जात नाही म्हणून आज्ञावलीला ते विशेष आवडते. चुकलेले शुद्धलेखन दुरुस्त करणारा, एखादे वर्ष नीट करणारा किंवा परिच्छेदात दोन वाक्ये घालणारा नवा सदस्य या तीनपैकी फक्त पहिली कृती करतो. हा भेद तुमच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे.

आता दार बंद ठेवण्याच्या किमतीकडे येतो, कारण ती दिसत नाही. आलेला स्पॅम मोजता येतो. न आलेला सदस्य मोजता येत नाही, आणि म्हणून प्रत्येक बैठकीत दार लावण्याच्या बाजूचे पारडे जड ठरते. बेंजामिन माको हिल आणि आरॉन शॉ या संशोधकांनी अशा १३६ विकींचा अभ्यास केला, जिथे आधी नोंदणीविना लिहिता येत होते आणि मग एके दिवशी खाते सक्तीचे झाले. वाईट बदल कमी झाले हे खरेच, पण टिकून राहण्याजोगे चांगले बदलही लक्षणीय घटले. केवळ खाते उघडण्याच्या सक्तीने इतके होत असेल, तर अर्ज करून मंजुरीची वाट पाहायला लावल्याने काय होत असेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. माणूस चूक पाहतो त्याच क्षणी ती दुरुस्त करायला तयार असतो. दोन दिवसांनी मंजुरी येते तेव्हा तो ते पान विसरलेला असतो. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली, तिच्या कारणांचा शोध घेणारा हाफेकर, गायगर, मॉर्गन आणि रीडल यांचा २०१३ चा अभ्यासही इथे महत्त्वाचा आहे. उत्पात रोखण्यासाठी उभारलेली अर्धस्वयंचलित साधने आणि कडक नियम यांच्या तडाख्यात चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे बदलही उलटवले गेले, आणि असे नवखे परत आले नाहीत, असा त्याचा गाभा आहे. इतक्या मोठ्या प्रकल्पाला हा तोटा काही काळ पेलतो. दहा-बारा नियमित सदस्यांच्या विकीला पेलत नाही, कारण त्यांतले दोघे थांबले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही तर मागे फक्त पाने पुसणारे उरतात.

म्हणून कोणतेही विस्तारक (मीडियाविकीला जास्तीची सोय देणारी जोडणी) बसवण्याआधी अलीकडच्या स्पॅमची पाने नीट वाचावीत. ती पुसलेली असली तरी प्रचालकांना ती उघडता येतात. खाते उघडल्यापासून किती वेळात पहिले पान आले, ते कोणत्या नामविश्वात (लेख, सदस्यपाने, चर्चापाने अशा पानांच्या विभागात) होते, दुवे किती होते, मजकूर कोणत्या लिपीत होता, शीर्षकांची घडण कशी होती, सदस्यनावांच्या शेवटी आकडे होते का, हे एका तक्त्यात मांडावे. एका संध्याकाळच्या या कामातून बहुतेक वेळा असे दिसते की सारा स्पॅम दोन-तीन साच्यांतून निघतो आहे. ज्या विकीवर हे काम झालेले नसते तिथे दुसऱ्याच कोणाच्या नियमांची नक्कल केली जाते, आणि ते नियम तिथल्या स्पॅमला न लागता तिथल्या सदस्यांना लागतात.

पहिला अडथळा नोंदणीच्या वेळी विचारलेला प्रश्न. मीडियाविकीसोबतच येणाऱ्या कन्फर्मएडिट या विस्तारकात कॅप्चाचे, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे पाहणाऱ्या चाचणीचे, अनेक प्रकार आहेत. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारी चित्रे आणि साधी बेरीज-वजाबाकी यांचा आज फारसा उपयोग उरलेला नाही. ही कोडी यंत्राला सहज सुटतात आणि दृष्टिहीन किंवा मंददृष्टी माणसाला मात्र अडवतात. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने कॅप्चाच्या या दोषावर फार पूर्वीच स्वतंत्र टिपण काढलेले आहे. मोठ्या कंपन्यांच्या कॅप्चा सेवा परिणामकारक असतात, पण त्यांत तुमच्या प्रत्येक नव्या सदस्याची माहिती तिसऱ्या पक्षाकडे जाते, आणि असे करायचे असेल तर समुदायाला विचारून करावे. लहान विकीसाठी मी नेहमी क्वेस्टीकॅप्चा सुचवतो, म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले प्रश्न. त्याचे बळ प्रश्नाच्या अवघडपणात नसते. तो प्रश्न जगात दुसऱ्या कोणत्याही विकीवर नाही यात असते. हजारो विकींवर एकाच वेळी फिरणारी आज्ञावली एका लहान विकीसाठी थांबून विचार करत नाही.

प्रश्न लिहिणे मात्र काळजीचे काम आहे. उत्तर त्या विषयात रस असलेल्या कोणालाही ठाऊक असावे किंवा विकीच्या मुखपृष्ठावर सापडावे. देशांच्या राजधान्या, आठवड्याचे वार असले प्रश्न नकोत. प्रश्न विकीच्याच भाषेत असावा. देवनागरीत उत्तर घ्यायचे असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचे भेद, अनुस्वाराचे पर्याय, देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही आकडे, यांतली सर्व ग्राह्य रूपे उत्तरांच्या यादीत आधीच घालावीत, नाहीतर खऱ्या माणसाचे बरोबर उत्तर केवळ एका वेलांटीसाठी नाकारले जाते आणि तो तुम्हाला हे कळवायलाही परत येत नाही. चार-पाच प्रश्न फिरते ठेवावेत. एक दिवस कोणीतरी हाताने उत्तर शोधून ते आज्ञावलीत भरेल आणि स्पॅम अचानक वाढेल. त्या दिवशी प्रश्न बदलावेत, एवढेच. हा प्रश्न तीन ठिकाणी विचारावा: खाते उघडताना, नव्या सदस्याने बाहेरचा दुवा घातल्यास आणि काही काळ नवे पान बनवतानाही. साध्या बदलाला तो कधीही विचारू नये, आणि जुन्या सदस्यांना त्यातून पूर्ण सूट द्यावी. ई-मेल पडताळणीविषयीही विचारणा होते. तात्पुरते पत्ते सहज मिळतात, त्यामुळे सराईत आज्ञावलीला ती फारशी रोखत नाही. ऐच्छिक ठेवावी, म्हणजे संकेतशब्द विसरणाऱ्यांची सोय होते.

दुसरा अडथळा दुव्यांवर. स्पॅमब्लॅकलिस्ट हे विस्तारक ठराविक संकेतस्थळांचे दुवे जतन होऊ देत नाही, आणि विकिमीडिया प्रकल्पांची (विकिपीडिया आणि तिची भावंडे) सामायिक यादीही त्याला वापरता येते. पण स्पॅमवाले संकेतस्थळे सतत बदलतात, त्यामुळे अशी यादी कायम एक पाऊल मागे असते. तिला मुख्य तटबंदी मानू नये. तुमच्यावर पुन्हापुन्हा येणाऱ्या नावांपुरती ती ठेवावी. त्याहून उपयोगी नियम असा की ज्याचे खाते ठराविक दिवस जुने नाही आणि ज्याने ठराविक बदल केलेले नाहीत, त्याच्या दुव्यांकडे वेगळ्या नजरेने पाहायचे. मीडियाविकीत असे दिवस आणि बदल पुरे झाले की सदस्य आपोआप पुढच्या गटात जातो. इंग्रजी विकिपीडियावर ही मर्यादा सर्वसाधारणपणे ४ दिवस आणि १० बदल अशी आहे. लहान विकीवर त्याहून मोठी मर्यादा ठेवण्याचे कारण मला कधी दिसले नाही. दोन्ही अटी एकत्र असाव्यात, कारण नुसते दिवस ठेवले तर खाती उघडून झोपवून ठेवली जातात आणि नुसते बदल ठेवले तर काही मिनिटांत निरर्थक बदल करून मर्यादा ओलांडली जाते.

तिसरे साधन अब्यूजफिल्टर, आणि याच्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण नीट वापरले तर ते सर्वांत न्याय्य साधन आहे आणि घाईत वापरले तर सर्वांत क्रूर. ही गाळणी बदल जतन होण्यापूर्वी त्याच्याकडे पाहते: करणारा कोण, खाते किती जुने, कोणत्या पानावर, किती मजकूर वाढला, कोणते दुवे वाढले. त्या सर्व अटी जुळल्या तरच ती कृती करते. ती कृती म्हणजे नुसती नोंद असू शकते, बदलाला खूण लावणे असू शकते, सदस्याला इशारा देणे असू शकते किंवा सरळ मनाई. प्रत्येक नवी गाळणी या क्रमानेच चढवावी. आधी ती जुन्या बदलांवर चालवून पाहावी. तशी सोय त्यात आहे. मग काही दिवस नुसती नोंद घेऊ द्यावी आणि नोंदींतला प्रत्येक बदल दोन प्रचालकांनी वाचावा. त्यात एकही प्रामाणिक बदल सापडला नाही तर इशारा, आणि इशारा झुगारून तोच साचा येत राहिला तर मनाई. आपोआप खाते गोठवण्याची सोयही असते. ती मी टाळायला सांगतो, कारण यंत्राने केलेली चूक तिथे माणसाच्या नावावर नोंदली जाते.

गाळणी शब्दांवर बांधू नये. औषधांची, कर्जाची किंवा जुगाराची नावे असलेल्या शब्दयाद्या सुरुवातीला प्रभावी वाटतात, पण आरोग्य, अर्थकारण किंवा कायदा या विषयांवर मनापासून लिहिणारा पहिला सदस्य त्यांतच अडकतो. गाळणी वागणुकीवर बांधावी. खाते काही तासांचे, पहिलाच बदल, नवे पान किंवा स्वतःचे सदस्यपान, मजकूर मोठा आणि त्यात बाहेरचा दुवा, या अटी एकत्र आल्या की खरा सदस्य त्यांत सापडण्याची शक्यता फार कमी उरते. देवनागरी विकीला आणखी एक अट फुकट मिळते: वाढवलेल्या मजकुरात देवनागरीचे एकही अक्षर नाही आणि दुवा मात्र आहे. ही अट एकटी वापरू नये. संदर्भ देणारा चांगला सदस्य नेमके हेच करतो, रोमन लिपीतल्या पुस्तकाचे नाव आणि त्याचा दुवा घालतो. नवे पान आणि अगदी नवे खाते या दोन अटींसोबत ती वापरली तर मात्र ती मोठी मदत करते.

मनाईच्या वेळी दिसणारा संदेश तर बहुतेक विकींवर कोणी वाचलेलाच नसतो. मूळ संदेशाचा सूर आरोपाचा असतो. तो काढून स्वतःचा लिहावा: तुमचा बदल आपोआप थांबवला गेला आहे, यात तुमची चूक असेलच असे नाही, दुवा न घालता तो आत्ता जतन करता येईल, आणि आमची गाळणी चुकली असे वाटत असेल तर अमुक ठिकाणी दोन ओळी लिहा. ते ठिकाण खाते नसलेल्या माणसालाही लिहिता येईल असे असावे, म्हणजे ई-मेलचा पत्ता हवा, आणि तो रोज उघडणारा कोणी हवा. नवखा सदस्य विकीविषयी मत बनवतो ते या एका संदेशावरून. ज्याला आपण चुकून थांबवले त्याच्याशी आपण कसे बोललो याची जबाबदारी स्पॅम करणाऱ्यावर ढकलता येत नाही.

गाळणीतच वेगावर मर्यादा घालण्याची सोय असते आणि मीडियाविकीत ती स्वतंत्रपणेही घालता येते. नव्या खात्याला थोड्या मिनिटांत थोडीच पाने बनवता आली तर फुटलेला बांधही प्रचालकाच्या आवाक्यात राहतो. सदस्यपाने आणि त्यांची चर्चापाने शोधयंत्रांना दिसू नयेत अशी मांडणी करावी. त्याने स्पॅम थांबत नाही, पण न पाहिलेला स्पॅम कोणाच्या उपयोगी पडत नाही. टायटलब्लॅकलिस्टने ठराविक घडणीची शीर्षके आणि सदस्यनावे अडवता येतात. विकीप्रणाली अद्ययावत ठेवावी, आणि प्रत बाहेर कुठेतरी ठेवलेली असावी.

आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचे आकडी पत्ते, रोखण्याविषयी मात्र सावध राहावे. मोबाइल सेवांमध्ये असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि आज ज्या पत्त्यावरून स्पॅम आला तो उद्या एखाद्या विद्यार्थिनीकडे असतो. तात्पुरत्या पत्त्यांवरची बंदी तासांची किंवा दिवसांची असावी, वर्षांची नसावी. आयपीव्ही६ या अशा पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीमध्ये साधारणपणे एका ग्राहकाला चौसष्ट बिटांचा संपूर्ण पट्टा मिळतो, म्हणून तिथे एकेक पत्ता रोखण्यात अर्थ नसतो आणि तेवढाच पट्टा रोखणे पुरेसे होते. खुल्या प्रॉक्सींचा (खरा पत्ता झाकून दुसऱ्याच पत्त्यावरून कोणालाही येऊ देणाऱ्या मधल्या यंत्रांचा) प्रश्न वेगळा आहे, त्यांना दीर्घ बंदी चालते. तरीही ती नुसत्या लिहिण्यावर घालावी, आधी नोंदवलेल्या खात्यांना तिच्यातून वगळावे, कारण काही माणसांना सुरक्षिततेसाठी अशाच वाटेने यावे लागते.

नवा मजकूर आधी तपासून मगच दिसू द्यावा, हा पर्याय अनेकांना मधला वाटतो. जर्मन विकिपीडियाने मे २००८ पासून अशी पद्धत स्वीकारली आणि ती तिथे रुजली, कारण तपासणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तुमच्याकडे तीन प्रचालक आहेत. त्यांच्यापुढे तपासायच्या बदलांची रांग लागेल, रांग वाढली की प्रामाणिक सदस्याचा बदल आठवडाभर अदृश्य राहील, आणि आपण लिहिले ते लगेच दिसते हा विकीचा आनंद संपेल. स्पॅम दिसत नसला तरी तपासण्याचे श्रम तेवढेच उरतात, हेही ध्यानात घ्यावे. त्याऐवजी फक्त काही मोक्याची पाने अर्धसंरक्षित करावीत, म्हणजे अगदी नव्या किंवा नोंदणी नसलेल्यांना ती बदलता येत नाहीत. नवी पाने थेट बनवण्याची परवानगी थोड्या अनुभवानंतर द्यावी, असेही करता येते. इंग्रजी विकिपीडियावर डिसेंबर २००५ पासून नोंदणी नसलेल्यांना आणि २०१८ पासून अगदी नव्या खात्यांनाही थेट लेख बनवता येत नाहीत. पण तिथे मसुदा लिहून पुढे पाठवण्याची वाट ठेवलेली आहे. ती वाट नसेल तर ही मर्यादा घालू नये, कारण नवे पान लिहायला आलेला माणूस तेच लिहायला आलेला असतो. नोंदणीविना बदल करू द्यावेत का, हा तुमच्यासाठी आजचा प्रश्न नाही. नोंदणी सुरळीत चालू झाली की सहा महिन्यांनी तो समुदायापुढे जरूर ठेवावा.

हे सारे यंत्रांविषयी झाले. माणूस स्वतः येऊन प्रचार करतो तेव्हा यातले फारसे काही कामी येत नाही, आणि कामी येऊही नये. आपल्या संस्थेचे कौतुक लिहिणारा, आपल्या दुकानाचा दुवा संदर्भ म्हणून घालणारा माणूस प्रश्नाचे उत्तर देतो, चार दिवस थांबतो, दहा बदल करतो. त्याच्याशी बोलावे लागते. बरेच जण नियम ठाऊक नसल्यामुळेच तसे करतात, आणि नीट सांगितले तर त्यांतले काही त्या विषयाचे उत्तम लेखक होतात. विकिमीडिया प्रतिष्ठानच्या वापराच्या अटींत २०१४ पासून मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो संबंध जाहीर करावा असे कलम आहे. तुमच्या विकीनेही तेवढा साधा नियम लिहून ठेवावा. भाषिक प्रतिमानांनी, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी, लिहिलेला मजकूर आल्यापासून यात भर पडली आहे. पूर्वी स्पॅमचा मजकूर मोडकातोडका असे आणि चटकन ओळखू येई. आता तो सफाईदार असतो, विषयाला धरून असतो आणि त्यात एकच दुवा हळूच खोचलेला असतो. तो यंत्राने लिहिला की माणसाने, याचा तर्क करत बसू नये, त्यात निरपराध दुखावले जातात. विधानाला संदर्भ आहे का, तो संदर्भ अस्तित्वात आहे का, त्यात ते विधान आहे का, आणि दुवा काढला तर लेखाचे काही बिघडते का, एवढेच तपासावे. या कसोट्या प्रामाणिक लेखकालाही उपयोगी पडतात.

पुसण्याच्या कामाची मांडणीही बदलायला हवी. न्यूक या विस्तारकाने एका खात्याने बनवलेली सारी पाने एकदम काढता येतात. एकेक पान उघडून पुसणारा प्रचालक महिन्याभरात थकतो. उघड स्पॅम करणाऱ्या खात्याच्या चर्चापानावर उपदेश लिहू नये, तो कोणी वाचत नाही. उलटवण्याचा हक्क मात्र प्रचालकांपुरता ठेवू नये. काही महिने नीट काम केलेल्या प्रत्येक सदस्याला तो द्यावा, अलीकडील बदल पाहिल्याची खूण करण्याची सोय सुरू करावी, म्हणजे एकच बदल तिघे तपासत नाहीत आणि कोणी न पाहिलेला बदल उठून दिसतो. आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. ज्याचा वार नाही त्याने त्या दिवशी लेख लिहावेत, हे मी फार गांभीर्याने सांगतो. जो माणूस ज्ञान मांडायला आला त्याच्या हाती वर्षभर फक्त केरसुणी राहिली तर तो जातो. आणि त्याच पाहणाऱ्यांनी नव्या सदस्याच्या पहिल्या चांगल्या बदलावर एक ओळ लिहावी. साच्यातून काढलेले स्वागत नको, त्याने नेमके काय केले ते नमूद करणारी ओळ हवी.

हल्ला फारच मोठा झाला तर नोंदणी बंद करण्यात गैर काही नाही. पण ती बंद करताना कोणी बंद केली, का केली आणि ती कोणत्या तारखेला उघडेल हे मुखपृष्ठावर लिहावे, आणि मधल्या काळात खाते हवे असणाऱ्याला ई-मेलने मागता यावे. तारीख नसलेली तात्पुरती बंदी कायमची होते; ती उघडण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. हाच नियम गाळण्यांना लावावा. प्रत्येक गाळणीच्या टिपणीत ती कोणत्या स्पॅमसाठी, कोणी, कधी लिहिली आणि पुन्हा कधी तपासायची हे असावे. तीन महिन्यांत जिच्यात काहीच सापडले नाही ती बंद करावी, आणि जिच्यात प्रामाणिक बदल सापडले ती त्याच दिवशी नोंदीच्या पायरीवर उतरवावी.

तुमच्या विकीपुरते सांगायचे तर या आठवड्यात पुसलेल्या पानांचा तक्ता करा, पाच प्रश्न लिहा आणि ते विकीशी संबंध नसलेल्या, पण विषयाची आवड असलेल्या दोघांना सोडवायला द्या. पुढच्या आठवड्यात नव्या खात्यांच्या दुव्यांवरची गाळणी फक्त नोंदीच्या पायरीवर लावा, वेगमर्यादा घाला आणि किमान दोघे जागे व मोकळे असतील असा दिवस निवडून नोंदणी उघडा. नोंदणी बंद असताना गाळणीला पकडायला काहीच नसेल, त्यामुळे पहिले तीन दिवस तिच्या नोंदी वारंवार वाचाव्या लागतील. स्पॅम आला तर दार लावण्याची घाई न करता तो कुठून शिरला ते पाहा: खाती उघडली जात असतील तर प्रश्न ओळखला गेला आहे, तो बदला, खाती थोडीच पण पाने पुष्कळ असतील तर वेगमर्यादा सैल आहे, पाने थोडी, सावकाश येणारी आणि वाचनीय असतील तर समोर माणूस आहे, आणि त्याच्याशी त्याच्या चर्चापानावर बोलायला सुरुवात करा.